पाण्यापासून तीस मीटर

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मोजणीची. कातडी डबीत गुंडाळलेली तीस मीटर कापडी फीत, टोकाला पितळी कडी. कारखान्यात एक बाई भिंग लावून माझा एकेक आकडा तपासत असत. एका आकड्याची शाई जराशी फुटली होती, तर त्यांनी मला बाजूला काढून तो दुरुस्त करायला लावला. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आता वाटतं, अशी बाई त्या दिवशी पाण्याकाठी असायला हवी होती.

पुढे मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात आले, मोजणीदार साहेबांच्या हाताखाली. गावाच्या कडेला मोठी पाणथळ जागा होती. नियम असा, की पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं, तिथून तीस मीटरच्या आत घर बांधायचं नाही. म्हणजे बरोब्बर माझी लांबी! मला छाती असती तर नक्की फुगली असती.

उन्हाळ्यात पाणी आटून पार आत जायचं, पण साहेब फसायचे नाहीत. झुडपांना अडकलेला वाळका पाला बघून ते गेल्या पावसाळ्यातली पाण्याची रेघ शोधायचे आणि शिपायाला तिथे माझी कडी धरून उभं करायचे. लोक चिडत, मनधरणी करत, पण साहेब ढिम्म. "यांच्या मोजणीवर बोट ठेवायला जागा नाही," असं सगळे म्हणत. त्यातलं निम्मं कौतुक मी गुपचूप माझ्या पदरात पाडून घेई.

मग एका उन्हाळ्यात साहेबांच्या थोरल्या बहिणीचा अर्ज आला. आईमागे तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आयुष्यभर शाळेत शिकवून, भाड्याच्या खोल्यांत दिवस काढून ताईंनी तिथे एक चिंचोळा प्लॉट घेतला होता. शिपाई नेमका रजेवर होता. म्हणून माझी कडी ताईंनीच धरली आणि त्या चालत गेल्या त्या थेट पाण्यापाशी, भेगाळलेल्या चिखलावर.

"ताई, जरा मागे ये," साहेब म्हणाले.

"अजून किती मागे? मग स्वयंपाकघर कुठे बांधू, डोक्यावर? अरे, पाणी तर इथे आहे की!"

पाला अडकलेली झुडपं दोघांच्या मधोमध होती. साहेबांनी ती पाहिली. मी तर त्या झुडपांवरूनच ताणलेली होते.

"बरं," ते म्हणाले. "तिथेच धर."

मी तीसच मीटर दाखवले, बोटभरही खोटं नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

घर झालं. मग शेजारचे प्लॉटवाले आले. "ताईंना तिथून मोजलंत, मग आम्हाला का नाही?" साहेबांनी त्यांनाही तिथूनच मोजून दिलं. ओळीने सात घरं उभी राहिली, चिखलात भराव पडला आणि पाण्याला पसरायला जागा उरली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात ते ताईंच्या घरात शिरलं, चांगलं कमरेएवढं. त्यांची पुस्तकं, भावाचे लहानपणीचे फोटो, सगळ्याचा लगदा झाला.

पाणी ओसरल्यावर साहेब मला खांद्याला लावून तिथे गेले. ताई खाली बसून चिखल खरवडत होत्या.

"ताई, मला तेव्हाच माहीत होतं," साहेब मान खाली घालून म्हणाले.

ताईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "मग बोलायचंस ना रे. मी रुसले असते चार दिवस. फार तर आठवडाभर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपली चूक कार्यालयात स्वतःच्या हाताने लिहून दिली. पण घरं हलत नाहीत, मित्रांनो. ताई पुन्हा भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या.

आता मी कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते. कडी हिरवट पडली आहे, आकडे पुसट झाले आहेत. नव्या माणसांकडे बटण दाबताच अंतर सांगणारं यंत्र आहे. त्याला जपा, वेळच्या वेळी पुसून ठेवा. माझे फार हाल झाले म्हणून सांगते. पण एक लक्षात असू द्या. कुठून मोजायचं, हे त्यालाही कळत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं. आणि समोर आपली ताई उभी असेल, तर जरा मोठ्याने सांगा.