चाटलेला दगड

व्याह्यांनी दगड उजेडाकडे धरला, जीभ बाहेर काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटला. मग तोच ओला दगड त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"घ्या. निर्मळ आहे. आत चीर असती तर ओला केल्यावर दिसली असती."

मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा डॉक्टरांनी तो दगड दोन बोटांत धरला आणि पँटला पुसला.

ते दातांचे डॉक्टर. सारा जन्म लोकांच्या तोंडात बोटं घालण्यात गेला. लाळ, पू, किडक्या दाढांचा वास. दवाखाना बंद केला त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं, की यापुढे दुसऱ्याची थुंकी नजरेसही पडायला नको. आणि नशीब बघा, बायको गेल्यावर लेकीच्या घरी राहायला आले, तर तिथे तिचा सासरा असा!

लेकीनं स्पष्टच सांगितलं होतं. "बाबा, घर एवढंसं. मामंजी दिवसभर मागच्या शेडमध्ये दगड फोडतात, तुम्ही दिवसभर पुस्तकात डोकं घालता. जेवताना दोघांची तोंडं दोन दिशांना. मधल्यामध्ये माझा जीव जातो. रविवारपर्यंत जमवून बघा. नाहीच जमलं तर पलीकडच्या गल्लीत एक खोली आहे. मालक रविवारी विचारायला येतील."

एकट्यानं राहणं काय असतं ते डॉक्टरांनी पाहिलं होतं. एकच कप विसळायचा आणि तो कुणासाठी विसळतोय हे कळायचं नाही. म्हणून ते शेडमध्ये आले आणि म्हणाले, "मलाही शिकवा."

व्याही पूर्वी बस चालवत. निवृत्तीनंतर दगडातून बाणाची टोकं घडवायचा नाद लागला. मांडीवर जाड चामडं, हातात गोटा, आणि पायाशी कपच्यांचा खच. शिकवायची हौस दांडगी, पण जीभ सतत कामात. दगड चाटायचा, कपची चाटायची, मग थुंकायचं. दगडाची पांढरी पूड थुंकीत कालवली जाऊन खाली वाळलेली असायची. डॉक्टर पाय उचलून बसत.

"आधी धार घासून बोथट करा," व्याही म्हणाले.

"बोथट? टोक करायचंय ना?"

"धारेवर मारलंत तर तिचा भुगा होईल. घासलेली कड मार सोसते. मग कपची पार मध्यापर्यंत लांब सुटते. आणि मारायचं ते मारल्यासारखं मारा. गोंजारताय काय?"

पण डॉक्टरांचा हात दाताला सरावलेला. थोडं कोरायचं, बघायचं, पुन्हा थोडं कोरायचं. जोरात हात चालवणं म्हणजे त्यांच्या धंद्यात गुन्हाच. ते कडेकडेनं कुरतडत राहिले. दगड रोज अरुंद होत गेला, जाडी मात्र तशीच. मध्ये उंटासारखं कुबड उभं राहिलं. जी कपची निघे ती कुबडापर्यंत जाऊन तुटे आणि तिथे एक पायरी करून ठेवी.

"डॉक्टर, दाढ घडवताय की बाण?" व्याही हसले. हसताना त्यांच्या तोंडाचा भपकारा आला. डॉक्टरांनी श्वास रोखला. स्वतःचीही त्यांना शिसारी आली. आयुष्यभर हाताच्या कसबावर जगलेला माणूस, आणि एक दगड पातळ करता येत नाही!

रविवारी सकाळी त्यांनी मनाशी कबूल केलं, की नाही जमत. दगडही नाही आणि हा माणूसही नाही. मालक आले की खोलीला हो म्हणायचं.

"बघू तुमचं कुबड," म्हणत व्याह्यांनी दगड ओढून घेतला आणि सवयीनं चाटला.

पुढच्याच क्षणी ते ओरडले. पायरीच्या खाचेत अडकलेली एक बारीक कपची जिभेबरोबर तोंडात जाऊन हिरडीत घुसली होती. रक्त हनुवटीवरून चामड्यावर ठिबकू लागलं. ते थुंकले, पुन्हा थुंकले, दारापर्यंत थुंकत गेले.

"बोट घालू नका. बसा. आ करा."

व्याह्यांनी तोंडावर हात घट्ट दाबला. एवढा दांडगा माणूस, पण नजर खाली गेली. "नको. आत फार घाण आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून वासानं कळलंय. आ करा."

डॉक्टरांनी लेकीकडून चिमटा मागवला, उकळून घेतला आणि टॉर्च तिच्या हातात दिला. तोंड उघडलं आणि आतलं दृश्य पाहून त्यांना उमासा आला. काळे खुंट, सुजलेल्या हिरड्या, एका कोपऱ्यात पू. आयुष्यात यापेक्षा वाईट तोंडं त्यांनी मोजकीच पाहिली असतील. पण गालाला आधार देत चिमटा खुंटांच्या मधून आत गेला आणि काचेसारखी कपची अलगद बाहेर आली.

"झालं?" व्याह्यांनी डोळे उघडले. "कळलंसुद्धा नाही हो!"

"इतकी वर्षं दाखवलं का नाही कुणाला?"

"भीती वाटते." मग चामड्यावरचं रक्त पुसत, "आणि लाज. घरातच दातांचा डॉक्टर आला म्हटल्यावर तर जास्तच."

डॉक्टरांनी साबणानं हात धुतले, मग पुन्हा धुतले. वास जाईना.

"ते दोन खुंट काढावे लागतील. माझ्या जुन्या सहकाऱ्याची खुर्ची मागून घेतो. तोवर जखमेला दगड लावायचा नाही. भांडंभर पाणी घेऊन बसा आणि त्यात बुडवा."

"आणि बरं झाल्यावर?"

"बरं झाल्यावरही पाण्यातच."

व्याही कुरकुरले, पण पाणी आणायला उठले. एवढ्यात पुढचं दार वाजलं. लेक जाऊन आली आणि शेडच्या दारात हळूच म्हणाली, "बाबा, खोलीचे मालक आलेत. काय सांगू?"

"सांग, दुसरा भाडेकरू बघा," डॉक्टर पाय उचलून घेत म्हणाले. "आणि येताना फिनेल आण, जुनं फडकं आण. तुझ्या सासऱ्यांनी इथून तिथवर थुंकून ठेवलंय. शी!"