सुरव

मावशीने भिंगरीच्या पाठीवर बोटाने एक आडवी रेघ ओढली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ही शिरोरेघ. मग रेघेखाली सावकाश एक अक्षर काढून तिने हात मागे घेतला.

"थांबा, गुदगुल्या होतायत," सतरंजीवर पालथी पडलेली भिंगरी म्हणाली. "पुन्हा काढा."

मावशीने पुन्हा काढलं.

"भ. डोक्यावरची रेघ तुटलीय."

"शाब्बास."

मावशी तशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. शाळेतली नोकरी संपल्यावर तिने घरी मुलं घ्यायला सुरुवात केली, आणि तीही अक्षरांशी ज्यांचं हाडवैर आहे अशीच. त्यात भिंगरी सगळ्यांत बिलंदर. वर्गात दुसऱ्या कुणी धडा वाचला की तो तिच्या कानात जसाच्या तसा बसायचा. आपली पाळी आली की पुस्तकावर नजर लावून ती तो घडाघडा म्हणून दाखवायची. एके दिवशी पान उलटायचंच विसरली आणि पुढच्या पानावरचा मजकूर तोंडातून येत राहिला, तेव्हा बिंग फुटलं. आजवर सगळं पाठ करून निभावलेली ही पोरगी आता खरोखरीच्या पाठीवर शिकत होती.

निभावणं आता पुरणार नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की सुट्टी संपल्यावर कधी न पाहिलेलं एक पान वाचून दाखवलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिलीत. पहिलीत भिंगरीचा धाकटा भाऊ जाणार होता. त्याने शेजारची जागा ताईसाठी आत्तापासूनच धरून ठेवली होती, आणि हे तो येईल-जाईल त्याला सांगत सुटला होता. भिंगरी त्यावर नुसती नखं खायची.

दुपारी मावशीच्या खोलीला एक निराळीच गुंगी चढायची. खाली गादीवाल्याचं दुकान होतं. त्याचं कापूस पिंजायचं यंत्र घरघरत असायचं आणि कापसाचे हलके पुंजके खिडकीतून वर यायचे. उन्हाच्या पट्ट्यात आले की ते खाली पडायचं विसरून जायचे. भिंगरी मान वर करून त्यांच्याकडे बघत बसायची आणि मावशीही तिला रागवायची नाही. पुस्तकातली अक्षरं आपल्याला अशीच दिसतात, असं भिंगरीने एकदा सांगितलं होतं. पाठीवर काढलेलं अक्षर मात्र जागचं हलत नाही.

त्या दिवशी मावशीने पहिल्यांदाच तिच्यापुढे एक नवं पुस्तक उघडलं. भिंगरी एकेका अक्षराला बोट टेकवत चालली होती. एका शब्दाशी ती थबकली, आणि मग तिने तो ठामपणे वाचला.

"सुरव."

मावशीने वाकून पाहिलं. पानावर 'सुख' होतं. ख चा र आणि व वाचणारी भिंगरी काही पहिली नव्हती, पण इतक्या खात्रीने वाचणारी पहिलीच. चूक दाखवायला मावशीने तोंड उघडलं आणि भलतंच विचारून बसली.

"सुरव म्हणजे गं काय?"

"तुम्हाला नाही माहीत?" भिंगरीला खरंच नवल वाटलं. "आपण असं पडलेलो असतो ना, डोळे मिटून. झोपलेलो नसतो. पण उठायचंही नसतं. खालून घरघर येते. आणि कुणी काही विचारत नाही. ते सुरव."

इतकी वर्षं मुलांना शब्द शिकवले, पण हा एक शब्द आपल्याजवळ असायला हवा होता असं मावशीला वाटून गेलं. त्या दिवशी तिने चूक तशीच राहू दिली.

पण शाळा तोंडावर आली होती, आणि मोठ्या बाई काही सुरव ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मावशीने पाठीवर शिरोरेघ ओढली.

"हा र. हा व. मधे फट आहे, कळली?"

"हो."

"आता बघ. र ने पाय लांब केला आणि व च्या पोटाला लावला. फट राहिली का?"

"नाही."

"मग हा ख. पुस्तकात होतं ते सुख. सुरव नव्हे."

भिंगरी उठून बसली. तिचे केस एका बाजूला चपटे झाले होते.

"म्हणजे मी सांगितलं ते खोटं?"

"खोटं नाही गं. पण तिथे ते लिहिलेलं नव्हतं."

भिंगरी खिडकीकडे एकदा बघून पालथी पडली. "पुन्हा काढा," ती म्हणाली.

सुट्टी संपली त्या सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा करकरत होता. भिंगरीची आई रुग्णालयातून रात्रपाळी करून थेट आली होती, नर्सचा पांढरा पोशाख अजून अंगावरच होता. तिच्या शेजारी मावशी बसली होती. मोठ्या बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढून मधलंच पान उघडलं.

भिंगरी वाचू लागली. धापा टाकत जिना चढावा तशी, पायरी पायरीने. मांजर अंगणात आलं, उन्हात बसलं, त्याने अंग चाटलं. "मांजर... सु..." आणि ती थांबली. आईने डोळे मिटून घेतले. मावशीने पाहिलं, भिंगरीचं बोट फ्रॉकवर, मांडीशी, हळूच फिरत होतं. एक रेघ. र. त्याचा लांब केलेला पाय.

"सुखाने झोपलं," भिंगरीने वाचलं.

"हळू वाचतेस," पान संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. "पण वाचतेस. बस तुझ्या वर्गात."

आईचा बांध फुटला. तिने भिंगरीला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने मावशीचा हात, तो सोडेचना. मावशीलाही भरून आलं. आनंद तर झालाच होता. पण घरी जाताना सगळी वाट तिच्या मनात एक हुरहुर होती, आणि ती कशाची हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर भिंगरी येणार नव्हती. यायचं कारणच उरलं नव्हतं. मावशीने दुपारी सतरंजी अंथरली ती सवयीने, आणि खिडकीकडे तोंड करून त्यावर बसून राहिली. खालचं यंत्र घरघरत होतं.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. दप्तर दाराशीच आदळलं.

"धाकटा रुसलाय," भिंगरी म्हणाली. "त्याच्या शेजारी आता एक नाक वाहणारा मुलगा बसतो. मागे बघू नका हं. पाठ करा."

मावशी हसली आणि तशीच बसून राहिली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एक लहानसं बोट सरकत गेलं. रेघेखाली एक अक्षर उमटलं, त्याला खाली उकार लागला. मग पुढचं.

"सुख," मावशी म्हणाली.

"चूक."

"चूक कशी? मीच तर शिकवलं तुला."

"घाई केलीत. पाय कुठे लावलाय मी? मधे फट आहे." मागून एक सुस्कारा आला, अगदी मावशीच्याच धाटणीचा. "डोळे मिटा. पुन्हा काढते. नीट वाचा."

मावशीने डोळे मिटले. बोट पाठीवर सावकाश फिरलं, मधे थोडी जागा सोडून पुन्हा टेकलं. कापसाचा एक पुंजका तिच्या गालाला लागून गेला, पण तिने तो पुसला नाही. भिंगरीही काही विचारत नव्हती.

बऱ्याच वेळाने मावशीने तो शब्द वाचला.

"आता बरोबर," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली.