मैफलीचं शेवटचं गाणं

गुरुवारी दुपारी बाबा त्यांच्या जुन्या कॅसेटींवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते आणि मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. प्रत्येक मैफल शेवटच्या गाण्याआधीच तुटत होती.

"बाबा, एवढ्या मैफली टिपल्यात आणि एकीचाही शेवट नाही?"

"कॅसेट संपायची गं. तू आता तोंडापेक्षा हात चालव."

शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले.

महिन्याभराने मी उरलेलं काम हाती घेतलं. एक गाणं मध्येच तुटलं, पण मला कॅसेट बंद करायचं भान राहिलं नाही. पुढची वीस मिनिटं कोरी फीत फिरत राहिली. म्हणजे कॅसेट संपली नव्हतीच. मी फीत मागे नेली आणि हेडफोन लावून ऐकलं. बटण दाबल्याच्या आवाजाआधी माझा लहानपणचा पेंगुळलेला आवाज होता, "बाबा, घरी जाऊ या." आईची कामावर संध्याकाळची पाळी असली की ते मला मैफलीला सोबत न्यायचे.

पाठोपाठ त्यांची कुजबुज आली, "चल राणी, निघूच आपण."

बाकीच्या कॅसेटींचे शेवटही मी तसेच ऐकले; प्रत्येकीत बटणाआधी माझीच कुरकुर होती. मी हेडफोन काढला आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, दर वेळी माझ्यासाठी उठून आलात. कधी म्हटलं नाही तुम्हाला. थँक्यू."