डिशवॉशरमधला नारिंगी डाग

तो गाडी चालवायला शिकवायचा. नवशिक्यांनी गाडी खांबावर घातली तरी आवाज चढवायचा नाही. दिवसभर गिळलेला राग घरी यायचा आणि बायकोवर निघायचा.

त्या सकाळी डिशवॉशरच्या आतल्या प्लास्टिकवर नारिंगी डाग दिसला. टोमॅटोच्या रश्शाचा, चांगला मुरलेला. बायको गुडघ्यांवर बसून, लिंबूसत्त्वाची पेस्ट फासून जुन्या टूथब्रशने घासत होती.

“अजून आहे,” तो मागून म्हणाला.

“जातोय. जरा भिजू दे ना.”

“डोळे फुटलेत का? नीट बघ!”

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि बाहेर ओढलेल्या जाळीवर तिचं तोंड आपटलं. मग पुन्हा आपटलं. ताटल्या अडकवायच्या तारेने ओठ फाटला. डिशवॉशरच्या खाली उघडलेल्या दारावर रक्त सांडलं.

“आता हेही पूस!” त्याने तिला बाजूला लोटलं, जाळी आत ढकलली आणि डाग दाखवायला स्वतः वाकून हात आत घातला. “हे काय आहे? हे?”

तिने काहीच ठरवलं नव्हतं. जमिनीवर पडल्यापडल्या तिने ते आडवं दार खालून जीव खाऊन लाथाडलं. दाराची कड त्याच्या मनगटावर बसली. काडकन आवाज आला. तो किंचाळला, आणि धड असलेल्या हाताने त्याने तिचा गळा आवळला.

सासू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी असं काही सुरू झालं की ती आपल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायची.

“आई, हात मोडला हिनं! धर हिला!”

सुनेचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. सासूने ओट्यावरची जड कढई दोन्ही हातांनी उचलली आणि मुलाच्या खांद्यावर घातली. तो सोडेना. तिने पाठीत घातली. त्याची पकड सुटली, तो भिंतीशी कोसळला आणि आईकडे बघतच राहिला.

“तुझ्या बापाला मारायची हिंमत झाली नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “तुला मारता येतंय. उठलास तर डोकं फोडीन.”

तो उठला नाही. शेजारणीने आरडाओरडा ऐकून पोलिसांना बोलावलं होतं. ते आल्यावर तो कण्हत म्हणाला, “ती पाय घसरून पडली, मी सावरायला गेलो.”

“घसरली कसली!” सासू म्हणाली. “यानं मारलं. माझ्या पोरानं. लिहून घ्या.”

हाताला प्लास्टर घालून त्याला थेट कोठडीत नेलं. संध्याकाळी सून ओठाला टाके घेऊन बहिणीच्या घरी पोचली. मागोमाग पिशवी घेऊन सासू.

बहिणीने दार अर्धवटच उघडं ठेवलं. “तुम्ही कशा काय?”

“हिच्याबरोबर आलेय,” सासू म्हणाली. “तिला नको असेन तर जाते.”

सुनेला बोलता येत नव्हतं. तिने सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन आपल्या गादीशेजारी ठेवली.