बोंबीलरावांची सफर

देवेश पोर्तुगालला निघाला तेव्हा हेमालीने त्याला एकच वस्तू दिली. वीतभर लांबीचा एक सुका बोंबील. तिच्या आईने, पुतळीने, ढिगातून बराच वेळ शोधून तो काढला होता. अगदी सरळ, जबडा शाबूत. हेमालीने तो दोन जाड पिशव्यांत हवा काढून बंद केला, विमानात वास सुटायला नको म्हणून.

"तिकडे एकटं वाटलं की याच्याकडे बघ," ती म्हणाली.

"बघू की खाऊ?" देवेशने विचारलं. तो आशागडच्या चिकूवाडीवाल्यांचा मुलगा. मासे खायला तो डहाणूजवळच्या आगरला, हेमालीच्या घरीच शिकला होता.

त्याने तो खाल्ला नाही. पोर्तो नावाच्या शहरात फळप्रक्रियेच्या एका प्रयोगशाळेत त्याला नोकरी होती. आठवडाभरात तिथून पहिला फोटो आला. नदीकाठच्या कठड्यावर बोंबील टेकवून ठेवलेला, मागे उतरत्या छपरांची रंगीत घरं. खाली ओळ होती, 'बोंबीलराव आगरकर परदेशी पोचले. प्रकृती उत्तम, तोंड नेहमीसारखं उघडंच.'

मग बोंबीलराव हिंडायला लागले. ट्रामच्या खिडकीत बसले. निळ्या फरशांच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत राहिले. घोड्यावरच्या कुठल्याशा राजाच्या पुतळ्याखाली उभे राहिले: 'यांच्याच माणसांकडे आपला डहाणूचा किल्ला होता. परत मागायला येऊ नका असं बजावून आलो.' एकदा खारवलेल्या माशांच्या दुकानासमोर, काचेत टांगलेल्या थोराड सुक्या माशांकडे तोंड करून: 'सासरकडची मंडळी. जरा जास्तच जाडी आहेत.'

हेमाली डहाणूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीला कोणी ना कोणी विचारायचंच, "मॅडम, आज राव कुठे?" घरी पुतळी फोन हातभर लांब धरून बघायची आणि म्हणायची, "जित्या मच्छीला डहाणूची खाडी सुटत नाही, हा मेल्यावर बघ कुठं कुठं फिरतो." बाप, नारू, नुसता हसायचा. तो बोलायचा कमी. होडी, जाळं आणि तिथी, एवढ्यावरच त्याचं बोलणं.

लग्न माघात ठरलं होतं. देवेशच्या घरच्यांनी मच्छीवाल्यांच्या मुलीला होकार द्यायला तीन वर्षं घेतली होती, म्हणून ठरलेली तारीख सगळेच जपत होते. लग्नानंतर हेमाली पोर्तोला जाणार होती. त्यासाठी नोकरी सोडायची होती. सहा वर्षं तासिकेवर काढल्यानंतर गेल्याच साली ती कायम झाली होती. जागा एकच आणि तिच्यावर डोळा ठेवून चौघं बसलेली. एकदा सोडली की परत मिळणार नव्हती, हे तिला आकड्यासारखं स्वच्छ ठाऊक होतं. नोटीस तीन महिन्यांची. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडेल त्या सोमवारी राजीनामा द्यायचा, म्हणजे लग्नापर्यंत मोकळी. पत्र लिहून, सही करून, पर्समध्ये घडी घातलेलं होतं.

"सोमवारी देते हं," तिने देवेशला फोनवर दोनदा सांगितलं होतं.

"हं," तो दोन्ही वेळा म्हणाला होता. "तुला योग्य वाटेल तसं कर."

नवरात्रापासून फोन नुसते आवाजाचे होते. नव्या खोलीत इंटरनेट धड नाही, चेहरा अडकतो, असं तो म्हणायचा. पण फोटो येत राहिले, एक दिवसाआड. काहींत रावांशेजारी तो स्वतःही असायचा. त्यामुळे चेहरा दिसत नाही हे तिला तेवढंसं जाणवलं नाही.

शनिवारी होती कार्तिकातली अष्टमी. अष्टमीला भांग. पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही शिरत नाही, म्हणून होड्या किनाऱ्यावर आणि माणसं घरी. नारू अंगणात जाळं सांधत बसला होता. संध्याकाळी हेमाली त्याला दोरा धरून देत होती. माडांच्या वर, जवळजवळ डोक्यावर, अर्धा चंद्र आला होता, करंजीसारखा एका बाजूने सरळ. लहानपणी बापानेच तिला शिकवलं होतं. सूर्य बुडताना चंद्र डोक्यावर अर्धा असेल तर भांग. सूर्य बुडताना समोरून गोल उगवला तर उधाण, होडी काढ. पुढे तीच गोष्ट ती फळ्यावर दोन वर्तुळं काढून मुलांना शिकवायची.

रविवारी सकाळी चहा पिताना फोटो आला. पोर्तोचा तो दुमजली लोखंडी पूल, तिन्हीसांजेचं निळं आभाळ, कठड्यावर बोंबीलराव. आणि पुलाच्या मागून नुकता वर आलेला, ताटाएवढा, पूर्ण गोल चंद्र. खाली ओळ: 'काल संध्याकाळी. रावांना चंद्र दाखवला. म्हणाले, आमच्या आगरला याहून मोठा असतो.'

हेमाली हसली. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं आणि तिने कप खाली ठेवला.

तिने फोटो मोठा केला. काठ चारी बाजूंनी गोल होता, कुठे खोट नाही. तिने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, पाहायची गरज नसताना. चंद्र पोर्तोला वेगळा आणि आगरला वेगळा नसतो. काल तो इथे अर्धा होता तर तिथेही अर्धाच होता. वाडीवाल्यांना तिथी लागते ती लग्नामुंजीला. चंद्राकडे बघून कामाला निघण्याची त्यांच्यावर वेळ येत नाही. देवेशने एक सुंदर फोटो निवडला होता, इतकंच.

तिने मागे मोजलं. गोल चंद्र मावळतीच्या वेळी समोरून उगवतो तो पौर्णिमेला. कोजागिरीचा म्हणावा तर पुलावरची माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती आणि कोजागिरीला तर तो फोनवर तिकडच्या थंडीबद्दल कुरकुरला होता. म्हणजे त्याच्याही आधीची, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशीची. फोटो जवळजवळ दोन महिन्यांपूर्वीचा होता.

दुपारी बाराला तिने फोन लावला.

"अगं, साडेसहा वाजलेत इथे सकाळचे," तो म्हणाला. "झोपेत होतो."

"फोटो छान आहे."

"आवडला ना? रावांसाठी मुद्दाम थांबलो पुलावर. थंडीने बोटं वाकडी झाली."

"कालच काढलास?"

"मग काय परवा? लिहिलंय ना खाली."

"चंद्र गोल होता?"

"गोल गरगरीत. दिसतोय की. का गं?"

"काही नाही. झोप तू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मागच्या दारी पुतळी बांबूच्या वळांडीवर बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. तिचे हात न बघता चालत. हेमाली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, देवेश खोटं बोलतोय. कालचा म्हणून जुना फोटो पाठवला. नवरात्रापासून फोनवर तोंडही दाखवत नाही. मला वाटतं तो तिथे नाहीचे."

पुतळीचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही. हातातली जोडी तशीच धरून ती म्हणाली, "त्याला म्हटलं होतं मी, दिवाळीआधी सांग म्हणून."

हेमालीला वाक्य कळलं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ गेला.

"कोणाला म्हटलं होतंस?"

"बस जरा, बाय."

"कोणाला, आई?"

पुतळी आठवड्यातून एकदा तलासरीच्या बाजाराला सुकी मच्छी घेऊन जायची. नवरात्रात, तिसऱ्या की चौथ्या माळेला, तिच्या टोपलीसमोर एक टोपीवाला येऊन बसला. टोपी काढली तर देवेश. तिकडची नोकरी सुटली होती. सहा महिन्यांनी त्यांनी पुढे ठेवलं नाही. तो घटस्थापनेला परत आला होता आणि आशागडला घरी न जाता आपल्या दौलतमामाच्या तलासरीच्या वाडीवर राहिला होता.

"पाय धरले गो त्याने, भर बाजारात," पुतळी म्हणाली. "म्हणाला, दुसरी नोकरी लागते, तोवर हेमालीला नको सांगू. एक महिना दे."

"आणि तू दिलास."

"तीन वर्षं लागली त्या घराला हो म्हणायला. तुझा स्वभाव मला ठाऊक. तू मोडून टाकली असतीस."

"मी उद्या राजीनामा देणार होते. ते ठाऊक होतं ना तुला?"

पुतळीने जोडी वळांडीवर टाकली. ती नीट बसली नाही, खाली वाळूत पडली. "वाटलं, त्याच्याआधी तो सांगेल," ती म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर?"

हेमालीने पर्स घेतली आणि ती निघाली.

आगरहून रिक्षाने स्टेशन, तिथून चारोटीपर्यंत जीप, चारोटीहून पुढे दुसरी. आशागड मागे गेलं तेव्हा ती दुसरीकडे बघत होती. विवळवेढ्याला ड्रायव्हरने महालक्ष्मीच्या दिशेने कपाळाला हात लावला. शेजारच्या बाईने जोडले. हेमाली दर वेळी जोडायची. आज तिने पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली.

दौलतमामाच्या वाडीत देवेश चिकू निवडत बसला होता. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. तिला पाहून तो उठला. हातातला चिकू कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"आईंनी सांगितलं?"

"चंद्राने सांगितलं," ती म्हणाली. "काल अष्टमी होती."

त्याने आठवून पाहिलं. मग कपाळावर हात मारला, आणि त्याला थोडं हसू आलं. ती हसत नाही हे पाहून त्याने ते आवरलं.

"सांगणारच होतो, हेमा. वापीला एके ठिकाणी बोलणं चाललंय. ते पक्कं झालं की दोन्ही एकदम..."

"फोटो कधी काढलेस?"

"कुठले?"

"नवरात्रापासून आलेले. सगळे."

तो खाली बसला. "नोकरी संपली आणि तिकीट अठरा दिवसांनंतरचं होतं. करायला काही नव्हतं. हिंडलो. आयुष्यात एवढा हिंडलो नव्हतो. सकाळी निघायचो, रावांना खिशात टाकायचं, पायी सगळं शहर. खरं सांगू? मजा आली."

"काही फोटोंत तू आहेस. शर्ट वेगवेगळे आहेत."

तो पुन्हा चिकू निवडायला लागला.

"देवेश."

"पिशवीत तीन शर्ट घेऊन निघायचो," तो म्हणाला. "स्टेशनच्या बाथरूममध्ये बदलायचे. म्हणजे वेगळे दिवस वाटतील."

वाडीत माणसं बोलत होती, फांद्या हलवत होती. हेमाली उभीच होती. नोकरी जाणं तिला समजू शकत होतं. लाजेने लपून बसणंसुद्धा, कदाचित. पण निळ्या फरशांच्या स्टेशनात हा माणूस शर्टाची बटणं लावत होता आणि ही ओळ कोणत्या तारखेला, ती कोणत्या, असं ठरवत होता. ती सोळा-सतरा फोटोंना हसली होती. प्रत्येक हसू त्याने दीड महिना आधी मोजून ठेवलेलं होतं.

"अजून किती उरलेत?"

"अकरा."

"बघू."

त्याने फोन दिला. बोंबीलराव एका बागेत, मोराशेजारी. बोंबीलराव पुस्तकांच्या दुकानात, जिन्यावर. शेवटचा विमानतळावरचा, काचेपलीकडे विमान.

"हा कधी पाठवणार होतास?"

"हा पाठवणार नव्हतो."

"मी सोमवारी नोकरी सोडते म्हटलं. दोनदा. तू 'हं' म्हणालास."

"देऊ नको म्हटलं असतं तर तू 'का' म्हणून विचारलं असतंस," तो हळू आवाजात म्हणाला. "मग सगळंच सांगावं लागलं असतं."

तिने फोन त्याच्या हातात परत ठेवला. "बोंबील कुठे आहे?"

तो आत जाऊन घेऊन आला. पिशवी फुटली होती. इथे आल्यावर मुंग्या लागल्या, तो म्हणाला. डोकं गेलं होतं, पाठीचा काटा दिसत होता. तिने तो तसाच रुमालात गुंडाळला. साखरपुड्याची अंगठी बोटातून काढायला जरा जोर लावावा लागला. तिने ती लहान चिकूंच्या ढिगावर ठेवली आणि ती वाडीबाहेर आली. मागून त्याने हाक मारली, पण तो मागे आला नाही. रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटलं असतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. नारूने विचारलं, "कुठं गेलेलीस गो?" म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढं एक बरं वाटलं. तिने पर्समधून राजीनाम्याचं पत्र काढलं, चुलीत घातलं, आणि त्याचा शेवटचा कोपरा जळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

पुतळी भात वाढत होती. हेमालीने रुमाल तिच्यासमोर उघडून ठेवला.

"तुझा बोंबील. परत आणलाय."

पुतळीने त्याच्याकडे बघितलं. पदर तोंडाला लावला.

"तो बाजारात दर वेळी यायचा तुझ्याकडे?" हेमालीने विचारलं.

"यायचा."

"मच्छी न्यायचा?"

"न्यायचा."

"याच्यासारखी निवडून द्यायचीस?"

ताटाच्या कडेला सांडलेली भाताची शितं पुतळी एकेक करून उचलत राहिली. हेमालीने ताट पुढे ओढलं नाही. सकाळी पहिला तास बारावीचा होता. ती उठली आणि उद्याचा धडा काढून दिव्याखाली जाऊन बसली.