चिंध्यांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. माझ्यासमोर बसलं की माणसं पोट आत घेतात. तीस वर्षं हेच बघितल्यावर तुम्हीही संशयी झाला असता.

सागवानी पेटी, कातडी भाता, पितळी भिंग. कोल्हापुरात दत्तोपंतांच्या स्टुडिओत मी मानानं उभा असे.

१९५३ साली एका संस्थेचे चिटणीस आले. देणग्या जमवायला त्यांना पुस्तिका छापायची होती, तीत गरीब कुटुंबाचा फोटो हवा होता. त्यांच्या काखेत गाठोडं होतं. मला तेव्हाच वास आला.

नदीकाठच्या झोपडीत हमाल आकाराम, त्याची बायको चिमणाबाई आणि लग्नाची मुलगी वाट बघत होती. अंगण सारवलेलं. मायलेकी ठेवणीतल्या लुगड्यात. आकारामच्या डोक्याला जोतिबाच्या यात्रेपुरता निघणारा गुलाबी पटका.

चिटणिसांचा चेहरा पडला. त्यांनी गाठोडं सोडलं. आत चिंध्या.

"हे नेसा. गरिबी दिसली पाहिजे."

"ही कापडं तुमच्या घरची व्हय, पावणं?" चिमणाबाईनं विचारलं. "पोरीची सोयरीक गारगोटीत ठरतीया. असला फोटू तिकडं गेला तर मोडंल की."

"फोटोबद्दल संस्था देणार तो जोंधळा हवा ना?"

आकारामनं पटका उतरवला. मायलेकी चिंध्या नेसून आल्या.

दत्तोपंतांनी भिंगाचं झाकण काढलं, लावलं. "झालं." पण फोटो उमटतो त्या आतल्या काचेवरचा पडदा त्यांनी ओढलाच नव्हता. काच कोरीच राहिली. तीस वर्षांत ते असं कधी विसरले नव्हते. मला मालकाचाही संशय आला.

चिटणीस खुशीत टांग्यात बसून गेले.

"आता बांधा पटका," दत्तोपंत म्हणाले. "पहिला फोटो बिघडला."

"अजून बघितला बी न्हाय की," म्हणत चिमणाबाईनं माझ्याकडं रोखून पाहिलं. पण लुगडं बदलून ती ताठ बसली. कुणी पोट आत घेतलं नाही. घ्यायला होतंच कुठं.

फोटो बघून चिटणीस चिडले. "यात दारिद्र्य कुठं आहे?"

"मागं झोपडी आहे की. माणसं तिच्यापुढं बसली, त्याला मी काय करू?"

छापखाना खोळंबला होता. तोच फोटो छापला. जोंधळाही आला. पुस्तिका गारगोटीला पोचली, पण सोयरीक टिकली. व्याह्यांनी एवढंच विचारलं, की इतका झोकदार पटका बांधलाय कुणी.

आता मी अडगळीत आहे. भात्याला उंदरांनी भोकं पाडलीत. अधूनमधून पुसलंत तर बरं होईल. पण मित्रांनो, कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन गेलात, तर आधी विचारा, "तुम्हाला कसं दिसायचंय?" उत्तर मिळेपर्यंत झाकणाला हात लावू नका. तुम्ही विचाराल याची मला खात्री नाही, म्हणून सांगून ठेवतो.