उलटी पाचर

पाचर बाभळीचीच होती. भटू मिस्तरीच्या काळ्या तळहातावर ती पडली होती, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला जिभेसारखी पातळ, आणि ग्रीसखालूनही वाकसाने तासल्याचे घाव दिसत होते — ते घाव सिंधुबाईने ओळखले, कारण नवऱ्याने ती तासली त्या दिवशी ओसरीभर उडालेल्या ढलप्या तिनेच लोटल्या होत्या, आणि लोटताना तोंडही सोडलं होतं.

"वहिनी, हाई उलटी ठोकेल शे," भटू जीपखालून अर्धा बाहेर येत म्हणाला.

तीन वर्षं जीप खळ्यात पडून होती, चेपलेल्या टपासकट. आता दिराला केळी वाहायला गाडी हवी, म्हणून मिस्तरी आला. सकाळी शहाद्याच्या रस्त्यावर नेऊन पाहिली आणि घामाघूम होऊन परत आणली. चाकांतली हवा बघितली, चाकं उचलून हलवली, सांधे पिरगाळले, सगळं घट्ट. मग तो खाली शिरला.

"गाडी उची करी, तव्हय पुढला चाकेसना आख कलंडना. तो सावराले हाई पाचर. पन जाड बाजू पुढे पाहिजे, भाऊनी मांगे करी. आख जास्तीच कलंडना. जरासा वेग वाढना का स्टेरिंग नाचस. मंग ते कोनाच हातमा ऱ्हास नही."

कोणाच्याच नाही... म्हणजे न प्यालेल्याच्याही?

अगं बाई! ती तिथेच, जात्याच्या फुटक्या तळीवर बसली. रतिलालने, तिच्या नवऱ्याने, पाचर नांगराला ठोकावी तशी मागून ठोकली होती. नांगरात जाड डोकं मागेच राहतं, जन्मभर तेच केलेले हात, त्यांना दुसरं काय सुचणार? आणि गाडी उंच केली ती तरी कुणासाठी — गोमाई नदी ओलांडताना पाणी आत शिरलं, सिंधुबाईचं नवं लुगडं भिजलं, आणि ती माहेरापर्यंत तोंड फुगवून बसली म्हणून!

दारू सोडली, असं त्याने देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगितलं होतं. मग गाडी नाल्यात गेली, त्यात तो जागीच संपला, आणि रडायला जमलेल्या बायकांपुढे तिनेच ओरडून सांगितलं — प्यायला असेल मेला, शपथही खोटीच. कुणी वास घेतला होता? कुणीच नाही. पण ती म्हणाली आणि गावाने मान डोलावली. आखाजीला, अक्षय तृतीयेला, प्रत्येक घरी चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास पडतो, आगारी पडते. याच्या नावाची तिने पडू दिली नाही. सासूने पदर पसरला, तरी नाही.

आणि अपघाताआधीचं ते जेवण... ते तर ती साफ विसरली होती, की विसरले असं म्हणत होती? भाकरी मोडता मोडता तो म्हणाला होता, "सिंधू, स्टेरिंग हातमा नाचस वं."

"स्टेरिंग नही, तुमना हात नाचतस," ती म्हणाली होती, आणि वरण वाढलं होतं. तो खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. रागावलासुद्धा नाही, मेला — रागावला असता तर बरं झालं असतं.

"सुलटी करीसन ठोकू का?" भटू विचारत होता, बहुतेक दुसऱ्यांदा.

तिने पाचर त्याच्या हातातून घेतली आणि मूठ मिटली. तीन वर्षं सकाळी उठल्याबरोबर पहिला रतिलालचा राग यायचा, त्याच्या जोरावर तिने दळण दळलं, कापूस वेचला, दिवस लोटले. आता ती त्या रागाला आत सगळीकडे शोधत होती आणि तो कुठेच नव्हता. त्याच्या जागी तो माणूस बसला होता, खाली मान घालून भाकरी मोडणारा.

चुलीत निखारे असतील अजून. पण आखाजी तर कधीच होऊन गेली... अशी आडदिवशी टाकलेली आगारी पोचते का? कुणाला विचारावं? असलं काही अडलं की ती त्यालाच विचारायची.